टॉवेल-टोपीचा नकाशा

आमचं दुकान अजून दुकानच आहे, हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्याच्या जिवाला उगाच घोर नको. आज सकाळीही मी गादीवर मांडी घालून बसलो, डोक्यावर पंखा होता, हातात चहा होता, आणि तिसऱ्या घोटाला चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं की समोरच्या रसवंतीवाल्याने विचारलं, काय मालक, लॉटरी लागली का? त्याला काय सांगणार? गेल्या वैशाखात हीच गादी उचलून इथं बुटांचे खोके रचायचं ठरलं होतं.

दुकान सोलापूरच्या बाजारपेठेत, चादरी आणि टॉवेलांचं. वडिलांनी काढलेलं. आता थोरले बंधू, म्हणजे दादा, आणि मी असे दोघे मिळून बघतो. कामाची वाटणी सोपी आहे. माल आणणं, लावणं, बँक, वीजबिल, कारखानदारांशी घासाघीस हे सगळं दादांकडे, बोलणं माझ्याकडे. यात माझ्या वाट्याला जास्त काम आलंय, हे दादांना आजवर पटलेलं नाही. एकदा एक गिऱ्हाईक लग्नाचे टॉवेल घ्यायला आलं. मी त्याला बोलण्यात असं गुंतवलं की उठताना ते त्याच नवरा-नवरीच्या पोराच्या बारशाचेही बांधून घेऊन गेलं. आणि आमच्या मालाबद्दल मी काय बोलावं. उजनीच्या काठावर एका पाहुण्याच्या हातून आमचा एक टर्किश टॉवेल पाण्यात पडला, तर दुसऱ्या दिवशी धरणाची पातळी उतरल्याची बातमी पेपरात. असा माल.

पण लोकांना पाणी शोषणारा माल नको, घरपोच माल हवा. गिऱ्हाईक आत यायचं, टॉवेलाला हात लावून बघायचं, माझी उजनीची गोष्ट ऐकून हसायचं, चहा प्यायचं, आणि घरी जाऊन मोबाइलवर भलताच टॉवेल मागवायचं. दादा हे रोज बघत होते. मग एक दिवस त्यांनी एका दलालाला आणलं. बुटांची एक कंपनी बाजारपेठेत जागा शोधत होती. हा दलाल भर दुपारी आला, आणि त्याला घाम नव्हता. सोलापुरात घाम न येणाऱ्या माणसापासून सांभाळून राहावं, हे मी दादांच्या कानात सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. दलालाने हातातल्या यंत्रातून भिंतीवर एक लाल ठिपका पाडला, जागेची लांबीरुंदी मोजली, आणि ठिपका फिरत फिरत माझ्या छातीवर आला तेव्हा म्हणाला, "इथे काउंटर येईल."

दादांचा हिशोब सरळ होता. लग्नसराई संपू द्यायची, अक्षय तृतीया झाली की सही करायची, मग दोघा भावांनी घरी बसून भाडं खायचं. त्यांना घरी बसता येतं. मला नाही. घरी माझी बायको आहे, आणि माझ्या सगळ्या गोष्टी तिच्या ऐकून झाल्यात. मी तोंड उघडलं की ती शेवट सांगून मोकळी होते. माणसाने बोलायचं कुठं? या गादीवर बसलं की रोज नवी माणसं येतात, कानांसकट. ती गादी गेली असती तर मी आषाढापर्यंत टिकलो नसतो.

तेवढ्यात माझी लेक आली. ती पुण्याला मार्केटिंग शिकली आणि तिथेच एका साबणाच्या कंपनीत लागली होती. मार्गशीर्षात दादांच्या मुलीचं लग्न होतं, त्यासाठी रजा घेऊन आली आणि आल्या आल्या तिला बुटांचं कळलं. ती दादांना मोठे पप्पा म्हणते. लहानपणी ती याच दुकानात चादरींच्या थप्प्यांवर झोपायची, त्यामुळे तिचा दुकानावर हक्क आहे असं तिचं म्हणणं. तिने दादांना एवढंच मागितलं, की ही एक लग्नसराई मला द्या, मी साबणवाल्यांकडून लांब रजा घेते, दुकान चाललं तर चाललं, नाहीतर खुशाल बूट विका. दादा जगात फक्त दोन जणींना नाही म्हणू शकत नाहीत, वहिनींना आणि हिला. त्यांनी अक्षय तृतीयेपर्यंतची मुदत दिली.

मग तिने आम्हा दोघांना स्टुलावर बसवून शिकवणी घेतली. म्हणाली, हल्ली माणूस कुठं गेला की आधी फोटो टाकतो आणि खाली जागेचं नाव लिहितो. हॉटेलात गेला, टाकला. डोंगरावर गेला, टाकला. ज्याची वस्तू त्या फोटोत असते त्या दुकानदाराला हे सोन्याहून मोलाचं. कारण आपण पैसे देऊन फलक लावला की लोक म्हणतात, हा स्वतःचीच लाल करतोय. पण आत्तेभावाने फोटो टाकला की खरं वाटतं. शिवाय आपला माल नेमका कुठल्या गावात पोचतो, कुठल्या दिवसांत पोचतो, कुठं अजिबात पोचत नाही, हे गिऱ्हाईक आपण होऊन सांगतं. मोठमोठ्या कंपन्या हेच कळावं म्हणून जीव टाकतात.

दादा म्हणाले, म्हणजे घराला कुलूप आहे हे चोराला आपणच कळवायचं. लेक म्हणाली, नाही, नुसतं गावाचं नाव, घर नाही की गल्ली नाही, आणि ज्याला वाटेल त्यानेच टाकायचं. दादांनी मान हलवली. ती मान होकाराची की नकाराची हे आमच्या आईलासुद्धा कधी कळलं नव्हतं, त्यामुळे लेकीने होकार धरला.

तिची योजना अशी. प्रत्येक टॉवेलाच्या कागदी पट्टीवर एक चौकोनी छाप, वर आमच्या दुकानाचं नाव. मोबाइल त्याच्यासमोर धरला की आमचं पान उघडतं. त्यात टॉवेलासोबतचा आपला फोटो टाकायचा आणि गाव लिहायचं. प्रत्येक टॉवेलाचा छाप वेगळा, म्हणजे तोच टॉवेल पुन्हा दुसरीकडे दिसला तर नकाशावर या गावाहून त्या गावाला रेघ ओढली जाते. महिन्याच्या शेवटी एका फोटोवाल्याला डबल बेडची चादर बक्षीस. तिला वाटत होतं, फोटो येतील गोव्याच्या समुद्रावरून, पोहण्याच्या तलावावरून, व्यायामशाळेतून. ओल्या केसांची, हसरी, टॉवेल गुंडाळलेली तरुण माणसं. तिने त्यासाठी पानाला निळा रंगही दिला होता, लाटांसकट.

इथं पोरीची एक चूक झाली, आणि ती पुण्यात चार वर्षं राहिल्यामुळे झाली. आमच्या धंद्याचा मोठा भाग म्हणजे लग्नातला आहेर. आमच्याकडे लग्न असो, जावळ असो, वास्तुशांत असो, पुरुषमाणसाचा मान टॉवेल-टोपीने करतात. टोपी डोक्यावर, घडीचा टॉवेल खांद्यावर किंवा हातात, वर नमस्कार. हे तिला माहीत होतं. पण त्या टॉवेलाचं पुढं काय होतं, हे तिने कधी बघितलं नव्हतं.

पहिली छाप मारलेली खेप दादांच्या मुलीच्याच लग्नात गेली. मुलाकडची मंडळी माळशिरसकडची, उसाची बागायत, वस्तीवर घर. व्याही म्हणजे सहा फुटी माणूस, आणि आवाज असा की त्यांनी वस्तीवरून बैलाला हाक मारली तर तालुक्याच्या गावातले ट्रॅक्टर थांबतात. त्यांच्या मानासाठी दादांनी कारखान्यात उभं राहून खास टॉवेल विणून घेतला होता. डाळिंबी रंग, जरीचा काठ, आणि जाड इतका की तो खांद्यावर पडल्यावर व्याही त्या बाजूला कलले, म्हणून फोटोत मांडवच तिरका आलाय असं वाटतं. त्यांनीही दादांना निळा, मोठ्या चौकड्यांचा टॉवेल दिला. तो अर्थात आमच्याच दुकानातून घेतलेला. त्यांना तो विकताना मी उजनीची गोष्ट सांगितली होती.

लग्न झालं आणि आठवड्याभरात फोटो यायला लागले. लेक लॅपटॉप उघडून गोव्याची वाट बघत बसली होती. पहिला फोटो आला मंगल कार्यालयातून. तीन म्हातारे, तीन टोप्या, तीन टॉवेल, घडी न मोडलेले. दुसरा आला लॉनवरून. चार म्हातारे. तिसरा साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या वास्तुशांतीचा, त्यात म्हाताऱ्यांबरोबर भटजीही. बक्षिसाची चादर सगळीकडे कळली होती; पंगतीत बसलेले आजोबा आधी फोटो काढ म्हणून नातवाला दामटायचे आणि तोवर जिलेबीला हात लावायचे नाहीत. फोटोंचा नुसता पूर लोटला. पण त्यात आंघोळ केलेला असा एकही माणूस दिसेना.

एका दुपारी ती माझ्याकडे वळली. "पप्पा, लोक टॉवेल उघडत का नाहीत?"

मी पंख्याकडे बघितलं. जगातल्या कुठल्याही विषयावर मी अर्धा तास बोलू शकतो, पण या प्रश्नावर मी नीट लावलेल्या दोन टॉवेलांच्या घड्या पुन्हा घातल्या. शेवटी सांगितलं. म्हटलं, बाई, आहेराचा टॉवेल कुणी अंगाला लावत नाही. तो घरी येतो, घरच्या बायका त्याची पट्टी नीट करतात, पेटीत ठेवतात, आणि पुढचं लग्न आलं की तोच काढून देतात. तिथून तो पुढच्या पेटीत. आमच्या वडिलांच्या लग्नातला एक पंचा अजून फिरतोय; मी गेल्या वर्षी त्याला मोहोळला ओळखलं, आणि मला तर वाटलं त्यानेही मला ओळखलं.

तिने नकाशा पुढं केला. रेघा म्हणजे नुसत्या मुंग्यांच्या रांगा. सांगोल्याहून मंगळवेढा, तिथून मोहोळ, तिथून परत सांगोला. तिचा चेहरा पडला. म्हणाली, म्हणजे आपला माल वापरणारं कुणीच नाही? आपण इतकी वर्षं विकतो तरी काय? दादा मागे उभे होते, त्यांना उत्तर सापडलं होतं. ते म्हणाले, जिल्ह्यात जेवढे टॉवेल लागतात तेवढे कधीच विकून झालेत, आता ते जन्मभर असेच फिरणार, नवे कोण घेणार? बूटच बरे, ते झिजतात तरी.

त्या दिवशी मी गिऱ्हाइकाशी पहिल्यांदाच मोजकं बोललो. तो बरं वाटत नाही का, म्हणून विचारून गेला.

फोटोंबरोबर लेकीला खाली लोकांचे निरोपही यायचे. ते ती वाचायची, ओठ आवळायची, आणि लॅपटॉप मिटायची. काय आहे विचारलं तर म्हणायची, तक्रारी आहेत, आमचं गाव कुठाय, आमची रेघ कुठाय म्हणून विचारतात. दादांना ती ते दाखवत नव्हती. दाखवणार कुठल्या तोंडाने?

आणि मग डाळिंबी टॉवेल उगवला.

दादांनी मोबाइलवर नकाशा बघायची सवय लावून घेतली होती, पोरीची फजिती बघायला म्हणा किंवा तिची काळजी म्हणून म्हणा. एका सकाळी दुकान उघडून अगरबत्ती लावता लावता ते थांबले. स्क्रीनवर तो टॉवेल होता. जरीचा काठ, दुसरा कुठला असूच शकत नव्हता. रेघ माळशिरसहून, लग्नाच्या मांडवातल्या फोटोपासून निघाली होती, श्रीपूरला साखर कारखान्याच्या वसाहतीत टेकली होती, आणि तिथून थेट आमच्या शेजारी कुंभारीला येऊन एका नवरदेवाच्या मेव्हण्याच्या खांद्यावर बसली होती. मेव्हणा हसत होता. एका बाजूला कलला होता.

अगरबत्तीची राख दादांच्या बोटावर पडली तरी त्यांना कळलं नाही. मग इतकंच म्हणाले, "माझ्या लेकीच्या सासऱ्याने माझा मान वाटेवर टाकला." दुपारी डबा उघडला नाही. संध्याकाळी दलालाला फोन केला, की अक्षय तृतीया झाल्यावर दुसऱ्या दिवशी कागद घेऊन या. आणि पोरीला सांगितलं, की तो चौकोन उद्यापासून लावायचा नाही.

आता माझ्या जिवाला खरी धास्ती लागली. दुकान जाणार ते जाणारच, वर पुतणीच्या सासरशी अबोला होणार. लेकीने तर सामान आवरायला काढलं. घरात एकट्या वहिनी गप्प होत्या, आणि वहिनींचं गप्प राहणं मला काही बरं वाटेना. त्या बाई बोलण्यात मला दोन घरं पुढं आहेत.

वहिनींचं गुपित दोन दिवसांनी नकाशावर आलं. व्याह्यांनी दादांना दिलेला निळा चौकड्यांचा टॉवेल अक्कलकोटला वहिनींच्या माहेरी, भाचीच्या साखरपुड्यात, एका कन्नड बोलणाऱ्या पाहुण्याच्या हातात दिसला. त्या पाहुण्याने हौसेने फोटो टाकला होता, गावासकट. दादांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या की पेटीत वरती तोच होता, मी काय करणार.

त्याच दुपारी माळशिरसहून फोन आला. व्याही फोनवर बोलतात तेव्हा फोनची गरज नसते, आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. ते इतकंच म्हणाले की नकाशा बघितला, अक्षय तृतीया झाली की दुसऱ्या दिवशी दुकानावर येतो, समोरासमोरच बोलू. म्हणजे ज्या दिवशी दलाल, त्याच दिवशी व्याही. दादांनी होय म्हटलं आणि फोन ठेवताना तो उलटा ठेवला.

तो दिवस उजाडला. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसेना, सावली दिसेना. सावल्यासुद्धा कुठंतरी पाणी प्यायला गेल्या होत्या. भर बारा वाजता जीप थांबली. व्याही उतरले, पाठोपाठ विहीणबाई. व्याह्यांच्या खांद्यावर टॉवेल नव्हता, नुसता रुमाल होता, आणि ते मला चांगलं लक्षण वाटेना. वहिनीही दुकानात येऊन बसल्या होत्या. लेक कोपऱ्यात. मी गादीवर, आणि मला तहान लागली होती.

पाणी झालं. चहा झाला. पुतणीची खुशाली झाली, ती मजेत होती. मग व्याह्यांनी खिशातून मोबाइल काढून दादांपुढं धरला.

"पावणं, ह्यो आमचा निळा टॉवेल. अक्कलकोटात काय करतोय?"

दादा तयारीतच होते. त्यांनी आपला मोबाइल पुढं केला. "आणि हा माझा डाळिंबी. कुंभारीत काय करतोय?"

दोघे व्याही, दोन हात लांब करून, एकमेकांच्या तोंडासमोर एकमेकांचे टॉवेल धरून बसले. मी मनातल्या मनात एक गोष्ट शोधत होतो, जिने हे थांबेल, सापडत नव्हती. मला आठवतं, मी गादीचा काठ घट्ट पकडला होता.

विहीणबाईंनी चहाची कपबशी खाली ठेवली. म्हणाल्या, "त्यात काय झालं? श्रीपूरला नणंदेच्या घरची वास्तुशांत. एवढा भारी टॉवेल पेटीत सडवायचा व्हय? तिला भारीतलाच द्यायला पायजे की." वहिनी लगेच म्हणाल्या, "मग मीही तेच केलं, बाई. भाचीच्या सासरचे पाहुणे मोठे. हलका देऊन कसं चाललं असतं?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि त्यांचं मिटलं. दोघींच्या घरी पेटी होती, दोघींच्या पेटीत सगळ्यांत वर भारीतला टॉवेल होता, आणि दोघींनी तो आपल्या जवळच्या माणसाला दिला होता. बायकांचा खटला तिथंच निकाली निघाला.

दादांनी मात्र हात खाली केला नव्हता. ते हळू आवाजात म्हणाले, "मी तो तुमच्यासाठी उभा राहून विणून घेतला होता, पाहुणे. अंगाला लावायला."

व्याह्यांना ते ऐकून खरंच आश्चर्य वाटलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच माणसांसारखा झाला. "अंग पुसायला? पावणं, मानाच्या टॉवेलानं कुणी अंग पुसतं व्हय? अंग पुसलं असतं तर त्यो आमच्या मोरीत वाळत पडला असता. लई भारी हुता म्हणून तर बहिणीला दिला."

दादांचा हात आपोआप खाली आला. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मी सांगणार नाही, कारण दादा हे वाचणार आहेत.

मी म्हटलं, चला, मिटलं. पण व्याह्यांचं कुठं मिटलंय. ते आता माझ्या लेकीकडे वळले आणि बोट नकाशावर ठेवून म्हणाले, "आगं पोरी, पण आमची वस्ती कुटं हाय ह्यात? टॉवेल आमच्या घरी पंधरा दिस हुता, आन् नकाशात आमचं नाव न्हाय. माळशिरस दिसतंय, श्रीपूर दिसतंय. पल्याडच्या भावकीच्या वस्तीचा जावळाचा फोटू आलाय, त्यांची रेघ पार बार्शीपातुर गेलीया. गावात विचारत्यात, तुमची कुटं हाय म्हणून. म्या काय सांगू? निळा टॉवेल बी आमच्या घरनं आलाय, त्याला बी आमचं गाव न्हाय. हे इचारायला आलोय मी, दुसरं काय."

म्हणजे हा माणूस भर उन्हात, माळशिरसहून सोलापूरला, अबोला धरायला आला नव्हता. तो नकाशात आपली वस्ती दिसत नाही म्हणून भांडायला आला होता.

लेक म्हणाली, "काका, वस्तीवर असताना तुम्ही फोटोच टाकला नाही." व्याही विहीणबाईंकडे बघून म्हणाले, तवाच सांगत हुतो, फोटू काढ. विहीणबाई म्हणाल्या, तुमीच म्हनला, कशाला नसती नाटकं.

आणि इथं माझ्या लेकीच्या डोक्यात उजेड पडला. तो मी प्रत्यक्ष बघितला. ती उठली, लॅपटॉप उघडला, आणि इतके दिवस लपवून ठेवलेल्या त्या तक्रारी दादांच्या मांडीवर ठेवल्या. दादा चष्मा चढवून मोठ्याने वाचायला लागले. आमच्या गावाचं नाव नकाशात कसं येईल. आमच्या घरी लग्न आहे, चौकोनवालाच टॉवेल पाहिजे. शेजारच्या गावातून रेघ गेली, आमच्यातून का नाही. माझ्या मामाने मला साधा टॉवेल दिला, छाप नाही, हा अपमान समजावा का. अशी ओळीने पत्रं.

"मोठे पप्पा," लेक म्हणाली, "या तक्रारी नाहीत. ही मागणी आहे. मी उलटं वाचत होते. लोकांनी टॉवेल वापरावा म्हणून मी धडपडत होते. वापरलेला टॉवेल एका मोरीत राहतो. हा गावोगाव फिरतो, दर लग्नात दहा हात त्याला लागतात, आणि प्रत्येक हाताला आपल्या दुकानाचं नाव दिसतं. पैसे देऊन अशी जाहिरात मिळणार नाही."

दादांनी चष्मा काढला आणि पुसला. टॉवेलाच्या दुकानात बसून सदऱ्याच्या टोकाने पुसला, पण तो त्या घटकेचा दोष. मग त्यांनी विचारलं, खरी अडचण त्यांनीच विचारायची होती, की टॉवेल फिरत राहिले तर नवे कोण घेणार. व्याही म्हणाले, "नवं घ्यायचं न्हाय तर आमची रेघ निघायची कशी? जुन्या टॉवेलाची रेघ भावकीच्या वस्तीवरनं सुरू हुती. माझी माझ्या वस्तीवरनं सुरू व्हायला पायजे. पुढच्या म्हैन्यात नातवाचं, थोरल्याच्या पोराचं, जावळ हाय. सगळ्या पावण्यांना नवे टॉवेल, चौकोनवाले. आन् फोटू आमच्या आंब्याखाली निघतील, तवा जेवान."

नवीन लग्न म्हणजे नवी रेघ, आणि रेघ आपल्या दारातून सुटावी यासाठी कुणाही घरमालकाची केवढी तयारी असते, हे आम्हाला त्या दुपारी कळलं. पुढं आम्ही जावळाला गेलो. फोटो काढायची रांग आंब्यापासून विहिरीपर्यंत, विहिरीला वळसा घालून पुन्हा आंब्यापर्यंत; रांगेतला शेवटचा माणूस पहिल्याच्या पाठीला लागला होता. पण ते नंतरचं.

त्या दुपारी व्याही-विहीण वहिनींबरोबर घरी जेवायला निघून गेले आणि दादा, लेक नि मी दुकानात उरलो. दादांनी बुटांचा अजून एक शब्द काढला नव्हता, आणि मला विचारायचं धाडस होत नव्हतं. अशात दलाल आला. त्याला घाम नव्हता. हातात कागदांची पिशवी.

दादांनी त्याला बसवलं. पाणी दिलं, चहा मागवला, बुटांच्या कंपनीची चौकशी केली, मुलंबाळं विचारली. दादा एवढं गोड कुणाशी बोलत नाहीत, सही करायची असली तरी. दलालाने पिशवीतून कागद काढून गादीवर ठेवले, पेन ठेवलं.

दादा उठले. मागच्या फळीवरून एक टोपी काढली, एक चांगला जाड टॉवेल काढला, चौकोनाची पट्टी नीट बसली आहे ना ते बघितलं, आणि दलालासमोर उभे राहिले. टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला. हात जोडले.

"आमच्यासाठी उन्हातान्हात खेपा घातल्या," दादा म्हणाले. "मान घ्या."

दलाल गोंधळला. आभार मानले, खांद्यावर हात ठेवला, कागदांकडे बघितलं, दादांच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं. आमच्याकडे पाहुण्याला टॉवेल-टोपी केली की त्यापुढं फक्त निघायचं असतं. हे त्याला हळूहळू उमगलं. त्याने कागद गोळा केले, पिशवीत भरले आणि दारापर्यंत गेला. तिथं मी पहिल्यांदा त्याच्या कपाळावर घाम बघितला. त्याने खिशातून रुमाल काढून तो पुसला. खांद्यावरचा टॉवेल त्याने वापरला नाही. माणूस तसा सुज्ञ होता.

तो गल्लीच्या टोकाला वळला, आणि मी जो श्वास सोडला, त्याने समोरच्या रसवंतीवरच्या ग्लासांवरचा बर्फ वितळला. मला रडू येईल असं वाटत होतं; हसायलाच आलं. लेक चादरींच्या थप्पीवर आडवी झाली होती आणि वर पंख्याकडे बघत होती.

दादा माझ्याकडे वळले. म्हणाले, "बसलास काय? गिऱ्हाईक आलंय, बोल त्याच्याशी."

खरंच दारात एक नवरा-बायको उभे होते. मुलीचं लग्न होतं, टॉवेल बघायचे होते. मी गादीवर जागा करून दिली, दोन ग्लास पाणी ठेवलं, आणि विचारलं, तुम्ही उजनीकडचे का?